दयेचे गिऱ्हाईक

नाताळच्या आधीच्या एखाद्या रविवारी, मिस्सा संपल्यावर, चर्चच्या आवारात चार टेबले मांडली जातात. एकावर मेणबत्त्या, दुसऱ्यावर लोणची-पापड, तिसऱ्यावर विणलेल्या टोप्या व रुमाल, चौथ्यावर घरचे केक. टेबलामागे उभ्या असलेल्या भगिनी संकोचाने खाली पाहत असतात. भाव कोठे लिहिलेला नसतो. कुणी विचारलाच तर "द्या तुम्हांला योग्य वाटेल ते" असे उत्तर येते. आपण खिशात हात घालतो, एक नोट पुढे करतो, पापडांची पिशवी उचलतो आणि 'बिचारीला तेवढाच हातभार' असे मनाशी म्हणत घरी येतो. ती पिशवी पुढे कित्येक महिने फळीवर पडून राहते. नांदेडला असेच चालते, लातूरला असेच चालते. इतरत्र निराळे चालत असेल तर आम्हांला आनंदच आहे.

आमचे म्हणणे पुष्कळांना रुचणार नाही हे ठाऊक असूनही लिहितो. त्या टेबलावर विक्री होत नाही. तेथे दान होते. दानाला विक्रीचा सदरा घातलेला असतो, इतकेच. दान वाईट नव्हे. परंतु जिला धंदा करायचा आहे तिच्या हाती दान ठेवून 'तुझा माल खपला' असे तिला भासविणे ही फसवणूक आहे, आणि आपण ती प्रेमाने करतो म्हणून ती अधिक घातक आहे. त्या दिवशीचा गल्ला पाहून त्या बाईला हुरूप येतो. जानेवारीत ती दुप्पट माल करते. तेव्हा आवारात टेबल नसते आणि नाताळची उदारताही ओसरलेली असते. पापड घरात पडून खवट होतात, आणि 'आपल्या लोकांना धंदा जमतच नाही' असा निकाल देऊन आपणच मोकळे होतो.

गिऱ्हाईक ते, जे दुसऱ्यांदा येते. पहिल्यांदा तर कुतूहलानेही माणूस येतो, ओळखीनेही येतो. दुसऱ्या खेपेला तो येतो तो मालासाठी. दयेचे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ते बोलत नाही. लोणचे खारट झाले होते, पापड तळल्यावर तांबडा पडला, मेणबत्ती अर्ध्यातच विझली, हे त्या बाईला कुणी सांगितले काय? 'कशाला तिचे मन दुखवा' म्हणून आपण गप्प बसलो. हेच लोणचे वजिराबादेतल्या एखाद्या दुकानातून आणले असते, तर दुसऱ्याच दिवशी बरणी घेऊन भांडायला गेलो असतो! दुकानदाराला आपण मोठे मानले म्हणून त्याच्याशी भांडलो. आपल्या भगिनीला लहान मानले म्हणून तिला माफ केले. त्या माफीने तिचे लोणचे सुधारले नाही.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. तीवर एवढी शाई कशाला, असेही कुणी म्हणेल. परंतु आपल्या दोन्ही शहरांत पोट भरण्याचे मार्ग कोणते उरले आहेत ते पाहावे. नांदेडच्या एका पिढीला पोसणारी उस्मानशाही गिरणी कधीच थंड झाली. लातूरने शिक्षणाचा 'पॅटर्न' उभा केला, त्याची कीर्ती महाराष्ट्रभर झाली. आज ज्या परिसराला उद्योग भवनाचे नाव आहे तो खासगी शिकवण्यांनी गजबजलेला दिसतो. त्या शिकवण्यांतून डॉक्टर होणारे थोडे आणि न होणारे फार. उरलेल्यांनी काय करावे? कुणी मसाला दळतो, कुणी बेकरी टाकतो, कुणी वेल्डिंगचे दुकान काढते, कुणी शिलाईचे. हे सारे आपापल्या धंद्याचे मालकही आणि विक्रेतेही. शिकविले मात्र त्यांना फक्त माल करणे. आपल्या संस्था शिलाई यंत्रे वाटतात, पापडाचे प्रशिक्षण देतात. शासनाची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० साली आली. तीत यंत्रसामग्रीच्या खर्चाला ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले. यंत्र येते, त्याला हार घालून छायाचित्र निघते. पुढे काही महिन्यांनी त्याच यंत्रावर चादर टाकलेली दिसते. गावात शिवणारे हात वाढले, पण शिवून घेणारा मोंढ्याजवळच्या दुकानातून तयार कपडे आणू लागला, त्याला परत कसे वळवावे हे त्या हातांना कुणी सांगितले नाही.

आता थोडे अप्रिय बोलतो. लातूरच्या एका तरुणाने काही वर्षांपूर्वी घरच्या घरी येसर, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी करून विकण्यास आरंभ केला. मिरची तो धर्माबादेहून आणी, निवडून, देठ काढून, कांडप यंत्रावर स्वतः उभा राहून कुटून घेई. माल चोख होता. आमच्या घरी त्याची चटणी मुले नुसती खात. तीन वर्षांनी त्याने धंदा बंद केला आणि एका खाणावळीत हिशेब लिहिण्याची नोकरी धरली. आम्ही हळहळ व्यक्त करण्यास गेलो. तो फार बोलला नाही. त्याने एक वही पुढे केली. उधारीची वही. आम्ही पाने उलटू लागलो आणि लाजेने मान खाली गेली. बाहेरच्या गिऱ्हाइकांच्या नावावर जवळजवळ काही नव्हते. त्यांनी रोख दिले होते, किंवा त्याने त्यांना उधार दिलेच नव्हते. वही भरली होती ती आपल्याच माणसांनी. शिक्षक, परिचारिका, कार्यालयातले कारकून, पहिल्या तारखेला नियमित पगार घेणारी माणसे. आणि सातव्या की आठव्या पानावर आमचे नाव होते: तीनशे चाळीस रुपये.

आम्ही बुडवायचे म्हणून बुडविले नव्हते. 'घरचाच मुलगा आहे, देऊ पुढच्या रविवारी' असे म्हटले होते. पुढचा रविवार आला, त्याने मागितले नाही, आम्हांला आठवले नाही. तो कसा मागेल? आम्ही त्याच्या वडिलांच्या वयाचे. शिवाय चर्चच्या पायऱ्यांवर कुणाला पैसे मागणे त्याच्या जिवावर येई. गंजगोलाईतल्या दुकानदाराचे मात्र आम्ही कधी एक रुपया देणे लागलो नाही. परक्याला रोख आणि आपल्याला उधार, हा आपल्या समाजाचा अलिखित दर झाला आहे. वर सूटही मागतो: "आपल्यात कसला नफा घेतोस?" अरे, आपल्यात नाही तर काय परक्यांतच घ्यायचा? पाटीवर 'आज रोख, उद्या उधार' असे लिहिणाऱ्या वाण्याला आपण हसतो. त्याला ठाऊक असते की सकाळची भवानी उधारीने करू नये, आणि उरलेला दिवसही शक्यतो करू नये.

उधारी म्हणजे काय होते ते साध्या हिशेबाने पाहू. समजा, एक किलो मसाल्याला मिरची, धने, खोबरे, तेल, दळण, पिशवी असे मिळून चारशे रुपये पडले आणि तो साडेचारशेला विकला. पन्नास उरले. आता एका घराने एक किलो नेला आणि पैसे दिलेच नाहीत. त्याचे चारशे रुपये गेले. ते भरून काढायला आठ किलो विकावे लागतील, आणि ते आठ किलो विकण्याचे श्रम फुकट. अशी चार घरे पुरेशी आहेत. आणि या हिशेबात त्याचे स्वतःचे दिवस धरलेच नाहीत! बहुतेक जण धरीत नाहीत. दोन दिवस मिरचीच्या खाटात, डोळ्यांतून पाणी काढीत काम केले, त्याची मजुरी शून्य. दुसऱ्याच्या शेतात गेली तर जी बाई मजुरी सोडणार नाही, तीच घरच्या धंद्यात स्वतःला बिनपगारी ठेवते आणि वर 'स्वस्त देते' म्हणून आपल्याकडून शाबासकी मिळवते. भाव ठरविताना आपल्या श्रमांची किंमत धरणे हा लोभ नव्हे. संत पौल करिंथ येथे तंबू करण्याचे काम करून राहत असे. ते तंबू त्याने 'द्या योग्य वाटेल ते' म्हणून दिले असतील असे आम्हांला वाटत नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. मराठवाड्यात सगळ्यांचा पैसा पहिल्या तारखेला येत नाही. तो सोयाबीनबरोबर येतो, तुरीबरोबर येतो, कधी येतच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि शेतकऱ्याला मोंढ्यात त्याहून खाली विकावे लागले. अशा मुलखात खेड्यातला दुकानदार उधार नाहीच म्हणाला तर त्याचे दुकान चालायचे नाही. ते आम्ही जाणतो. सुगीवर देण्याच्या बोलीने दिलेली उधारी हा एक करार असतो; तिला मुदत असते, मर्यादा असते, शब्द असतो. आमचे भांडण त्या शेतकऱ्याशी नाही. ते पगारदाराच्या विसरभोळेपणाशी आहे. आणि एखादे घर खरोखर अडचणीत असेल, तर त्याला मदत आपल्या खिशातून करावी. शेजारच्या पोराच्या भांडवलातून करू नये.

दयेला नकार देऊन धंदा उभा राहतो काय? मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी गच्चीवर पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. तोच आज सर्वांना ठाऊक असलेला लिज्जत पापड. पहिल्याच दिवशी त्यांनी पापडांच्या चार पुड्या केल्या आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकल्या. ओळखीच्या घरांत वाटत फिरल्या नाहीत. धंदा तोट्यात आला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही, असे त्यांनी ठरविले होते. प्रारंभी एक चांगला आणि एक स्वस्त, असे दोन प्रकारचे पापड करण्याचा विचार होता. ज्यांनी पैसे उसने दिले त्या छगनबाप्पांनी सांगितले की दर्जा एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली, खाटेवर पापड, खाली शेगडी. आणि तुटलेल्या पापडांचे काय केले? ते शेजाऱ्यांना वाटून टाकले. हा तपशील आम्हांला फार बोलका वाटतो. शेजारधर्म पाळला तो तुकड्यांनी. अख्खा पापड बाजारात गेला. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आता दोष सगळा गिऱ्हाइकाच्या माथी मारून आम्हांला पळून जायचे नाही. विकणाराही दोषी आहे. 'माल चांगला असला की तो आपोआप खपतो' ही आपल्याकडची आवडती समजूत. माल मुका असतो. ज्याला तिची सत्यता पाहायची असेल त्याने गंजगोलाईला एक फेरी मारावी. १९१७ साली बांधलेली ती गोल वास्तू, मध्ये जगदंबेचे मंदिर, आणि तेथून फुटणारे सोळा रस्ते. सोन्याचांदीची दुकाने एकमेकांना खेटून, पादत्राणांची एकमेकांना खेटून, मिरची-गुळाची तशीच. शेजारचा तोच माल विकतो आहे याची तेथे कुणाला भीती नाही. गिऱ्हाईक तुलना करणारच, हे धरूनच तो बसलेला असतो. तुम्ही नुसते थबकलात की "या, बसा, काय दाखवू?" तीस साड्या उलगडतो, तुम्ही एकही न घेता उठलात तरी पाणी विचारतो, आणि पुढच्या वेळी नाव लक्षात ठेवतो. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर कडी विकणारे पाहा; यात्रेकरू कोठल्या गावचा, कोणत्या भाषेत बोलतो, हे त्यांना चार पावलांवरून कळते. यात खोटेपणा कोठे आहे? दुसऱ्याची गरज ओळखणे आणि ती आपल्यापाशी भागते हे मोकळेपणाने सांगणे, एवढेच ते आहे. आपल्याकडे मात्र नम्रतेचा एक चुकीचा अर्थ रुजला आहे. स्वतःच्या मालाविषयी चांगले बोलणे म्हणजे बढाई, भाव सांगणे म्हणजे हाव, पैसे मागणे म्हणजे अपमान. दुकानात बसलेला आपला माणूस गिऱ्हाइकापेक्षा अधिक लाजतो!

वसईचे बंधू हे वाचून हसतील. त्यांच्या आयाबहिणी भाजी-फुलांच्या पाट्या घेऊन आगगाडीने मुंबईच्या बाजारात जात आल्या. भाव करण्यात त्यांचा हात धरणारा व्यापारी नव्हता. आणि मराठवाड्यातल्या बाईला हे येत नाही, असेही कुणी म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतल्या ज्या स्त्रिया घरबांधणीच्या कामात गावोगाव हिंडल्या, त्यांच्यातून 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने बचत गट उभे केले. २००६ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियमने 'ऊर्जा' नावाची कमी धुराची चूल काढली, तेव्हा ती दारोदार विकली ती अशाच गटांतल्या स्त्रियांनी. चूल पेटवून दाखविली, शंका फेडल्या, भाव सांगितला, पैसे वसूल केले. विक्रीची कला त्यांना पूर्ण साधली होती. पण चूल त्यांची नव्हती, आणि तिच्यात घालायच्या शेतकचऱ्याच्या गोळ्या, म्हणजे ते दाबून केलेले इंधन, तेही त्यांचे नव्हते. कंपनीने २००९ साली हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे सोपविला. गोळ्या महाग होत गेल्या आणि घरोघरची चूल कोपऱ्यात गेली. दुसऱ्याचा माल विकताना न अडखळणारी जीभ स्वतःच्या मालापाशीच का अडखळते? दुसऱ्याचा माल विकताना नकार कंपनीला मिळतो. स्वतःचा विकताना तो आपल्याला मिळतो. ते सोसण्याची सवय करावी लागते. दहा घरांतल्या आठांनी नाही म्हणणे हा अपमान नव्हे, तो धंद्याचा नेहमीचा दिवस होय.

अलीकडे आणखी एक भ्रम आला आहे: नाव मिळाले की माल खपेल. बोरसुरीची तूरडाळ, कास्ती कोथिंबीर आणि पानचिंचोलीची चिंच यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ते मानांकन पुड्यावर आले नाही, पुडा गिऱ्हाइकाच्या हातात गेला नाही, तर ती डाळ मोंढ्यात इतर डाळीच्या ढिगात मिसळेल आणि त्याच दराने जाईल. तीच गत भ्रमणध्वनीवरच्या जाहिरातीची. परवा एका भगिनीने आपल्या केकचे छायाचित्र धर्मग्रामाच्या गटावर पाठविले. चाळीस जणांनी अंगठे वर केले. मागणी एकही आली नाही. त्यापेक्षा तिने एक साधी वही ठेवावी: कोणत्या घरी कोणाचा वाढदिवस कधी, कोणी मागच्या वेळी काय नेले होते, मसाला किती दिवसांत संपतो. महिना भरत आला की जाऊन विचारावे, "संपला असेल, देऊ का?" पुड्यावर आपले नाव, पत्ता, वजन, किंमत आणि तयार केल्याचा महिना असावा, कायदाही हेच सांगतो, पण कायद्यासाठी नव्हे, तर तक्रार कोठे आणायची हे गिऱ्हाइकाला कळावे म्हणून. आणि पैसे तेव्हाच घ्यावेत. आता तर मोबाईलवरून पैसे देता येतात, त्यामुळे 'सुटे नाहीत' ही आपली जुनी सबबही गेली.

या दोन्ही शहरांत आपली घरे मूठभर. एवढ्या घरांवर एकही धंदा जगू शकत नाही, सगळ्यांनी मनापासून विकत घेतले तरी नाही. आपल्या माणसाचा माल अखेर गोलाईत, वजिराबादेत, शिकवण्यांच्या वसतिगृहांत आणि खाणावळींत खपला पाहिजे. तेथे त्याचा धर्म कुणी विचारीत नाही आणि त्याच्यावर दयाही कुणी करीत नाही. म्हणून आपण त्याचे पहिले आणि सर्वांत कडक गिऱ्हाईक व्हावे. खारट असेल तर खारट म्हणावे. गरज नसेल तर घेऊ नये. आवडले तर दुसऱ्याला नाव सांगावे, आणि पुन्हा जावे.

येत्या नाताळात आवारात टेबले मांडली जातील तेव्हा आमची धर्मग्राम समितीला विनंती आहे, की प्रत्येक टेबलाला भाडे आकारावे, थोडे का होईना. प्रत्येक वस्तूवर किंमत ठळक अक्षरांत लिहावी. त्या किमतीहून कमी कुणी देऊ नये आणि जास्तही देऊ नये. ज्यांना दान करायचे आहे त्यांच्यासाठी दानपेटी आहेच. आणि ज्यांची मागली बाकी आहे त्यांनी ती आधी चुकती करावी. आमचे तीनशे चाळीस रुपये आम्ही देऊन आलो. त्या वहीतली इतर नावे आम्ही येथे छापीत नाही. ती ज्यांची आहेत त्यांना ठाऊक आहेत.